पडद्यावरची वाकडी करंगळी

माणसं ओळखायची ती तोंडावरून, असं आपण म्हणतो. भट्टीवाल्या तात्यांना मात्र लोक हातांवरून ओळखायचे. डाव्या हाताची करंगळी आत वळलेली. तरुणपणी ट्रेच्या गाड्यात सापडली आणि वाकडीच जुळली. उजव्या मनगटावर भाजल्याचे दोन सरळ पट्टे, वहीतल्या ओळींसारखे. दुकानाच्या खिडकीतून हे दोन हात बाहेर यायचे, कागदात गुंडाळलेले गरम बन द्यायचे आणि आतून आवाज यायचा, "उपकार झाले!"

हे 'उपकार झाले' म्हणजे तात्यांचं पालुपद. चार बन घेतलेत, उपकार झाले. नुसता भाव विचारून पुढे गेलात, तरी उपकार झाले. एकदा पालिकेचा माणूस धुराड्याची नोटीस घेऊन आला, तर त्यालाही हे हात जोडून "उपकार झाले" म्हणाले. तो बिचारा इतका गांगरला की सही न घेताच निघून गेला. मुलगा चिडवायचा, "बाबा, उद्या चोर आला तरी त्याला हेच म्हणाल." तात्या म्हणायचे, "म्हणेन की. एवढ्या गल्लीत त्याला आपलंच घर दिसलं ना?"

माणूस असा. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. मुलगा शाळेची बस चालवायचा आणि सून एका दवाखान्यात केसपेपर लिहायची. घर भट्टीच्या वरच्याच मजल्यावर, त्यामुळे घरातल्या चादरींनाही बनचा वास. सून नवीन लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली होती, "इथं नुसतं झोपलं तरी पोट भरतं." तात्यांना ती त्या एका वाक्यात आवडून गेली.

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सुनेला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. पोरगी गप्प झाली. रडणं नाही, बोलणं नाही, पाच दिवस अन्नाचा कण नाही. मुलगा हातापाया पडून दमला. तात्या रोज पहाटे तिच्या आवडीचा गाठीचा बन करून वर पाठवायचे. पिठाची लांब वळी करायची, तिची सैल गाठ मारायची आणि उरलेलं शेपूट करंगळीनं आत ढकलायचं. सरळ करंगळीच्या माणसाला ते जमत नाही, हे खरंच आहे. तर असे पाच बन जसेच्या तसे खाली परत आले.

नेमक्या त्याच आठवड्यात सिनेमावाले उगवले. त्यांना एका पाववाल्याची गोष्ट करायची होती आणि त्यांचा नट पीठ असं मळायचा की जणू कपडे धुतोय. म्हणून त्यांना फक्त हात हवे होते. तात्यांनी नकोच म्हटलं असतं, पण मुलगा म्हणाला, "जा बाबा, घरात बसून तुम्हीही खंगाल." गेले.

दिग्दर्शक पोरगेलासा होता. म्हणाला, "काका, पिठाला मारू नका. मायेनं मळा. ज्यानं हे खावं असं तुम्हाला फार वाटतं, असं कुणीतरी मनात ठेवा." तात्यांना शोधायला लांब जावं लागलं नाही. तेवढ्यात एकानं हातात छोटी बाटली दिली आणि आतलं पांढरं पिठात टाकायला सांगितलं. तात्यांनी आधी बोटावर घेऊन चाटून बघितलं. चाळीस वर्षांची सवय. चाखल्याशिवाय पिठात काही जायचं नाही. पिठीसाखर होती. टाकली. मग दिवा गेला म्हणून पुन्हा सगळं करायला लावलं, तेव्हा परत टाकली.

काम झाल्यावर ते लोक पीठ फेकून द्यायला निघाले. तात्या भडकले. अन्न फेकतात का, म्हणून त्यांनी तो गोळा ओल्या फडक्यात बांधला, घरी आणला, भट्टी गरम होतीच, गाठ मारून बन भाजला आणि वर गेले. का कोण जाणे, सुनेनं त्या दिवशी तुकडा मोडला. मग दुसरा. मग सगळा बन संपवला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली, "आज गोड आहे हो, बाबा."

"पडली असेल साखर हातून," तात्या म्हणाले. जिना उतरताना ते पायरीवरच बसले आणि कुणाला तरी "उपकार झाले" म्हणाले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढे दीड-दोन वर्षं सिनेमाचा पत्ता नव्हता. आणि एक दिवस चौकातल्या भिंतीवर पोस्टर लागलं. चेहरा नाहीच, नुसते हात! पिठात बुडालेले, करंगळी वाकडी, मनगटावर दोन पट्टे. गल्लीत कोण आनंद! फळवाल्यानं पोस्टरखाली उभं राहून फोटो काढला. मुलानं पहिल्याच दिवसाची तिकिटं आणली. तात्या म्हणाले, "तुम्ही दोघं जाऊन या. भट्टी आणि तान्हं मूल सोडून सिनेमाला जात नाहीत."

तान्ह्या मुलाचं उगाच नव्हतं आलं तोंडात. सुनेला पुन्हा दिवस गेले होते, चौथा महिना लागला होता. या खेपेला उलट्यांनी तिचा जीव नकोसा केला होता. भात नाही, दूध नाही, फळ नाही. पोटात ठरायचा तो फक्त सकाळचा गाठीचा बन. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, "जे राहतंय ते खाऊ द्या, पण वजन उतरता कामा नये. आधी एकदा झालंय, लक्षात ठेवा." तात्यांच्या ते पक्कं लक्षात होतं. पहाटे पहिला बन तिचा, मग गिऱ्हाइकांचा.

सिनेमाहून दोघं परतली ती खाली मान घालून. "कसा आहे?" तात्यांनी उत्साहानं विचारलं.

"हात... हात छान दिसतात तुमचे," मुलगा म्हणाला. सून तोंडावर हात दाबून वर पळाली.

दुसऱ्या दिवशी बन वर गेला. "नंतर खाते, बाबा." तिसऱ्या दिवशीही तेच. रिकामी बशी मात्र खाली यायची, म्हणून तात्या निश्चिंत होते. चौथ्या दिवशी गल्लीतलं कुत्रं दुकानासमोरून ऐटीत गेलं. तोंडात बन. गाठ बघितल्याबरोबर तात्यांनी ओळखला.

त्यांना राग नाही आला, धास्ती बसली. यीस्टचा वास सोसत नसेल, म्हणून यीस्ट कमी केलं. मीठ वाढवलं. दूध घातलं, दूध काढलं. कुत्रं आठ दिवसांत चांगलं गुटगुटीत झालं आणि सुनेचं वजन दोन किलोनं उतरलं. डॉक्टरीणबाईंनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी आठवडाभर असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावी लागेल, आणि पुढचं मी सांगू शकत नाही. मुलानं ते तात्यांना सांगितलं. का खात नाही, हे मात्र सांगितलं नाही. बापाला सांगायचं तरी काय?

तिकडे दुकानातही काहीतरी बिनसलं होतं. रोज सहा बन नेणारी शेजारीण म्हणाली, "तो कंपनीचा ब्रेड असेल तर द्या. पाकिटातला." गल्लीतला एक बस कंडक्टर पैसे हातात न देता काउंटरवर ठेवायचा, तात्यांच्या हाताला हात लागू नये म्हणून. एका लहान मुलीच्या हातातला बन तिच्या आईनं परत ट्रेमध्ये ठेवला आणि वर "सॉरी हं काका" म्हणाली. तात्यांनी तिलाही "उपकार झाले" म्हटलं, पण जरा वेळ लागला.

विचार करकरून तात्यांनी कारण शोधलं: लोकांना हल्ली स्वच्छता लागते. लगेच बाजारातून पांढरे रबरी हातमोजे आणले, ऐटीत घातले आणि खिडकीत उभे राहिले. झालं! त्या दिवशी जे दोन-चार लोक येत होते, तेही रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले.

शेवटी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या. अर्धी गल्ली त्यांच्या हातची छडी खाऊन मोठी झालेली, तात्यांचा मुलगा धरून. त्यांनी खिडकीत बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, काढा ते मोजे आधी! तो मेला मध्यंतरानंतर असलेच मोजे घालतो!"

"कोण मेला?"

"सिनेमातला! तुम्ही बघितला नाहीत?"

"मी कशाला बघू? मी होतो की तिथं."

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्या आत आल्या, स्टूल ओढलं आणि वर्गात धडा समजावावा तसं सांगितलं. दुसऱ्या कुठल्याशा गावात चाळीस वर्षांपूर्वी खरंच घडलेली गोष्ट आहे. एक पाववाला. सगळ्यांशी गोड. आणि घरच्यांना एकेक करून बनमधून विष घालत गेला. "तुमच्या हातांनी, तात्या. चेहरा त्या नटाचा, पण हात तुमचे. सगळ्यात शेवटी सुनेला घालतो. तिला दिवस गेलेले असतात."

तात्या मैद्याच्या पोत्यावर बसले. हातमोजे काढायचंही त्यांना सुचलं नाही. बाईंनीच ओढून काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भट्टी बंद ठेवली आणि दुपारच्या खेळाला गेले. दोन्ही हात खिशात. तिकीटसुद्धा दातांत धरून दाखवलं.

अंधारात त्यांनी पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघितलं. शेजारी दोन कॉलेजच्या मुली पॉपकॉर्न घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या तासात डबा जमिनीवर ठेवला गेला. पुढच्या रांगेत एक आडदांड माणूस भलत्याच ठिकाणी हसत होता, ते हसू भीतीचं होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. एक म्हातारा "चल गं, पुरे झालं" म्हणत उठला आणि त्याची बायको म्हणाली, "थांबा, त्याला धरतात की नाही ते बघू दे." धरलं नाही, निदान तोवर तरी.

मग ते हात आले, घराएवढे. पीठ मळायला लागले, हळूहळू, अगदी जीव लावून. सगळं थिएटर चिडीचूप.

"कसा मायेनं मळतोय बघ," एक मुलगी कुजबुजली.

"तेच तर बघवत नाही गं," दुसरीनं तोंड फिरवलं.

बाटलीतून पांढरं पडलं आणि शे-दीडशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला. कुणीतरी शिवी हासडली. कुणीतरी हुंदका दिला. तात्यांना उठून ओरडावंसं वाटलं, अहो, पिठीसाखर आहे ती! पण तेवढ्यात पडद्यावर वाकड्या करंगळीनं गाठीचं शेपूट आत ढकललं, आणि सिनेमातली सून हसत हसत बन मोडायला लागली. तात्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

मला सगळं ठाऊक असून माझं हे झालं, त्यांना वाटलं, मग त्या पोरीनं काय करावं? आणि तरी एक शब्द बोलली नाही. "तुमचा हात बघवत नाही" असं म्हणून मोकळी झाली असती, तर कोण तिला नावं ठेवणार होतं? त्याऐवजी उपाशी राहिली, लपूनछपून कुत्र्याला बन घातले, रिकामी बशी हसून खाली पाठवली. सासऱ्याचं मन दुखू नये म्हणून. केवढं जपलं पोरीनं आपल्याला! त्या काळ्याकुट्ट सिनेमात, सगळे घाबरून रडत असताना, तात्या एकटे वेगळ्याच कारणानं रडत होते.

खेळ सुटला. तो आडदांड माणूस जिन्याजवळ फोनवर विचारत होता, "आई, जेवलीस का?" गर्दीत धक्का लागला आणि तात्यांनी तोल सावरायला दाराची कड धरली. "अगं, तेच! तेच हात!" कॉलेजची मुलगी किंचाळली. चार माणसं मागे सरली. तात्यांनी घाईनं हात खिशात घातला आणि सवयीनं म्हणाले, "उपकार झाले." त्यानं तर त्या दोघी पळतच सुटल्या.

परतीच्या वाटेवर ते बाईंच्या दारात थांबले. दोन वर्षांपूर्वीचा तो गोड बन कुठून आला, साखर कुणी टाकली, सगळं सांगितलं.

"म्हणजे ते पडद्यावरचं पीठ तिनं खाल्लंय?" बाई चाट पडल्या.

"खाल्लंय. आणि तेच तर सांगायची भीती वाटते. ते ऐकूनच पोरगी पोटातलं उरलंसुरलंही ओकेल."

"आणि नाही सांगितलंत तर?"

तात्यांनी हात खिशात आणखी आत घातले.

"उपाशी तर ती आत्ताही आहे, तात्या. जा घरी."

दुसऱ्या दिवशी सुनेची सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमारास ती दवाखान्यातून वजन करून आली. चेहरा उतरलेला. तात्यांनी तिला भट्टीच्या खोलीत बोलावलं आणि स्वतः टेबलापलीकडे, हात टेबलाखाली ठेवून बसले. ती दाराशीच उभी राहिली.

"मी सिनेमा बघून आलो," ते म्हणाले.

तिचे डोळे भरले. "बाबा, मला माफ करा. मला कळतं हो, तुम्ही कोण आणि तो कोण. पण बन तोंडाशी नेला की ते हात येतात डोळ्यांपुढे. मी काय करू? आणि तो कुत्रा..."

"कुत्र्याचं सोड. त्याच्या सात पिढ्या तुला दुवा देतील." ती हसली नाही. तात्यांनी श्वास घेतला. "मला एकच सांगायचंय. ऐकून उलटी झाली तर ही बादली ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी, तू पाच दिवस जेवली नव्हतीस, मग एक बन खाल्लास. आठवतो?"

"गोड होता," ती लगेच म्हणाली.

"तो सिनेमातला. ते पडद्यावर मळताना दिसतं ना, तेच पीठ. ते लोक फेकून देत होते, मी घरी आणलं. त्यांनी सांगितलं होतं, मनात कुणीतरी ठेवून मळा. दुसरं कोण होतं माझ्या मनात त्या दिवशी?"

ती बघतच राहिली. "आणि ते पांढरं?"

"पिठीसाखर. मी चाटून बघितली होती आधी. दिवा गेला म्हणून दोनदा टाकायला लावली. दुप्पट झाली."

तिनं तोंडावर हात दाबला. तात्यांचा एक पाय बादलीकडे सरकला. मग तिच्या घशातून विचित्र आवाज आला आणि तात्या बादली घेऊन धावले. पण ती हसत होती. हसता हसता रडत होती आणि नाक पुसत म्हणत होती, "सगळं थिएटर किंचाळत होतं, बाबा. मी पण किंचाळले. आणि ते माझ्यासाठी चाललं होतं!"

"तुझ्याचसाठी."

ती आत आली. पोत्यावर बसली. "मग करा. माझ्यासमोर. तसाच, दुप्पट साखरेचा."

तात्यांनी दोन्ही हात टेबलाखालून बाहेर काढले. कोपरापर्यंत धुतले. पीठ घेतलं आणि मळायला लागले, तिला दिसेल असं, हळूहळू. साखर टाकायच्या आधी त्यांनी चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. तिनं चाखली, मान हलवली, तेव्हा टाकली. एकदा, आणि पुन्हा एकदा. करंगळीनं शेपूट आत ढकललं तेव्हा तिनं डोळे मिटले. तात्या थांबले.

"थांबू नका," डोळे मिटूनच ती म्हणाली, आणि मग उघडले.

पीठ फुगेपर्यंत ती तिथंच बसली. गप्पा मारल्या. बाळाचं नाव काय ठेवायचं यावरून दोघांचं चांगलं वाजलं. दोन बन भट्टीतून आले तेव्हा एक वाजून गेला होता. तिनं एकावर फुंकर मारली, गाठ मोडली आणि पहिला घास तोंडात घातला. चावला. थांबली. तात्यांचा हात बादलीच्या कडीवर. तिनं घास गिळला, एक मिनिट दम धरला, पोटावर हात ठेवून वाट बघितली. काही झालं नाही. मग दुसरा तुकडा, तिसरा. शेवटी बशीतला चुरा बोटानं टिपून खाल्ला आणि बशी पुढे केली.

"अजून एक द्या."

तात्यांनी बशी घेतली, भट्टीकडे तोंड केलं आणि बराच वेळ ट्रेमध्ये काहीतरी शोधत राहिले. ट्रेमध्ये एकच बन उरला होता.

"उपकार झाले," ते भट्टीतच बघत म्हणाले.